बुडाखालची सहा अक्षरं

लिलावघरात तिला सगळे भिंगवाली म्हणत. चिनी भांडं टेबलावर आलं की ती आधी ते पालथं करायची. ड्रॅगन, फुलं गिऱ्हाइकांनी बघावीत, खरं काय ते बूड सांगतं, असं तिचं म्हणणं. बावीस वर्षांत तिने एकाही खोट्या भांड्याला खरं म्हटलं नव्हतं. तिच्यावर खार खाऊन असलेले व्यापारी त्यामुळे पुष्कळ होते.

हे वेड तिला घरच्या फुलदाणीने लावलं. आजोबा जहाजावर आचारी होते. त्यांना ती कप्तानाने दिली होती. लहानपणी फुलदाणी आडवी करून, जमिनीवर पालथी पडून ती बुडाखालची निळी सहा अक्षरं वहीत उतरवायची. अर्थ पुढे कळला: महान छिंग घराण्याच्या छिएनलुंग बादशहाच्या काळी बनवलेलं. तिसरं अक्षर लिहिताना कारागिराच्या कुंचल्यातला रंग संपत आला असावा. त्याची शेवटची रेघ अगदी फिकट, जेमतेम दिसणारी.

आई गेली. वकीलकाकांनी मृत्युपत्र वाचलं. घर दादाला, फुलदाणी तिला. "दोघांना सारखंच दिलं आहे," असं आईने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तसली फुलदाणी घराच्या तोडीची असते हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तिने घरावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. आईला आपलं काम कळत होतं तर, असं वाटून तिला भरून आलं.

गेली बारा वर्षं फुलदाणी काचेच्या कपाटात कुलूपबंद होती. "दिवसभर परक्यांची भांडी उलटी करतेस, माझं एक तरी सुलटं राहू दे," आई म्हणायची आणि दोघी हसायच्या.

घरी आल्यावर तिने ती खिडकीशी, उजेडात पालथी केली. सहाही अक्षरं सारखीच गडद होती. तिसऱ्याची शेवटची रेघसुद्धा.

तिने भिंग काढलं. बुडाच्या कडेवर ओरखडे होते, पण सगळे एकाच दिशेने, पॉलिश पेपरने घासल्यासारखे. ओलं बोट फिरवलं तर जुनेपणाचा तपकिरी डाग बोटाला लागला. चहाचं पाणी. कामावर तिने हे पाच मिनिटांत लिहून टाकलं असतं. इथे ती दीड तास नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती दादाकडे गेली. तो स्टुलावर चढून पडद्याचा दांडा बसवत होता.

"दादा, खरी कुठंय?"

तो खाली उतरला नाही. "माझा छापखाना बुडाला तेव्हा आईने विकली. मी मागितली नव्हती."

"आणि ही?"

"तिनेच करवून घेतली. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मग माझ्या वाट्याला कशाला घातली? मी बघताक्षणी ओळखणार, एवढं तिला कळत नव्हतं?"

दादाने एक स्क्रू पिळून घट्ट केला. "मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, ओळखेल. पण बोलायची नाही ती."

ती बोलली. नेहमीसारखा अहवाल लिहिला: उंची, अवस्था, मत. अलीकडची नक्कल, बुडावरची अक्षरं खोटी. वकीलकाकांनी तो वाचून चष्मा काढला. "बाई, तुम्ही स्वतः तज्ज्ञ. सही करण्याआधी बघायचं होतंत."

दादाने कानांवर हात ठेवले. असं काही बोलणं झालंच नाही म्हणाला. वहिनी नात्यात सांगत सुटली, "ओळखणारी तीच, मग बदलणारी दुसरी कोण असेल? आम्हाला मेलं त्यातलं काय कळतंय!" मावशीला ते पटलं. आतेभावाला पटलं. फिरत फिरत ते एका व्यापाऱ्याच्या कानावर गेलं, आणि त्याला तर ते पटायला हवंच होतं.

महिन्याभरात साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," ते म्हणाले, आणि तिला घड्याळांच्या विभागात पाठवलं.

घड्याळांतलं तिला काही कळत नाही. ती चिठ्ठ्या चिकटवते, फोन घेते. मावशीचा मध्ये फोन आला होता. "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं?" तिने पुढची चिठ्ठी चिकटवली.

गेल्या आठवड्यात तिच्या जुन्या टेबलावरच्या नव्या माणसाने एक वाडगा खरा ठरवला. ती फाइल घेऊन शेजारून जात होती. वाडगा पालथाच होता. अक्षरं छापील होती, निळे बारीक ठिपके चार हातांवरून दिसत होते. त्याने सहज वर बघून विचारलं, "सुंदर आहे ना?"

"छान आहे," ती म्हणाली आणि पुढे गेली.