मेजर कोणाला घाबरतो?

मेजर लिअँडर टिस्डेल शेरीफच्या निवडणुकीला उभा होता, आणि तो पडेल असं म्हणणारा एक माणूस अलाबामातल्या त्या अख्ख्या लॉरेल्टन गावात सापडला नसता. का? तर मेजर कोणाच्या बापाला घाबरत नाही! हे सगळ्यांना मेजरनेच सांगितलेलं. उत्तर-दक्षिणेची लढाई संपून वीस वर्षं झाली तरी रोज सांगायचा. लढाईभर तो घोंगड्यांच्या कोठारावर होता, पण ते विचारतो कोण!

गावात पिस्तूल लपवून बाळगायचं नाही, हा कायदाही त्यानेच करून घेतलेला. उघड, चारचौघांना दिसेल असं कमरेला लटकवा खुशाल. पण लटकवणार कोण? लगेच लोक विचारणार, "काय हो, आज कोणाची भीती?" म्हणून सगळी सभ्य माणसं कोटाखाली लपवायची. रविवारी चर्चमध्ये मंडळी बाकांवर टेकली की असा खणखणाट व्हायचा की तो थांबेपर्यंत पाद्रीबाबा प्रार्थनाच सुरू करायचे नाहीत.

तर त्या शुक्रवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर मेजरचं भाषण ऐन रंगात आलेलं. "लपवलेलं पिस्तूल म्हणजे भित्र्याचं हत्यार!" असं गरजला, घाम पुसायला मागच्या खिशातला रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर हे एवढं पिस्तूल बाहेर! टण, टण, टण करत सगळ्या पायऱ्या उतरलं आणि थेट गावच्या बंदोबस्तावरच्या मार्शलच्या बुटाला जाऊन लागलं. मार्शल बिचारा आभाळाकडे बघायला लागला, पण दीडशे माणसं त्याच्याकडे बघत होती. करतो काय!

"मेजर," तो म्हणाला, "आपलं काहीतरी पडलं वाटतं."

वकील गिब्सने संध्याकाळी कायदा उघडून मेजरपुढे ठेवला. "शिक्षा झाली तर शेरीफ होता येणार नाही. तुम्हीच लिहिलंय."

"मग?"

"एक सवलत आहे. जिवाला धोका वाटायला सबळ कारण असेल तर लपवलेलं चालतं. तीही तुमचीच."

"अरे मग सुटलो की!"

"सुटलात. फक्त भर कोर्टात सांगायचं, की मी घाबरलोय. आणि कोणाला, ते नावानिशी."

निवडणूक आठ दिवसांवर, खटला चार दिवसांवर!

आणि ही बातमी फुटली कशी देव जाणे, दुसऱ्या दिवशी मेजरच्या ओसरीवर हीऽ रांग! सगळ्यांत पुढे लोहार बार्नाबी, काखेत भेट म्हणून डुकराची अख्खी तंगडी.

"मेजर, माझंच नाव घ्या बरं का. दंड बघा हे!"

"याला कोण घाबरतंय?" मागून न्हावी ओरडला. "माझ्या हातात रोज तुमचा गळा असतो, मेजर! विचार करा!"

आता आली का पंचाईत? एकाचं नाव घ्यावं तर बाकीचे चिडणार, म्हणजे आम्हाला मोजतच नाही का हा! मतं गेली. मेजर दोन रात्री झोपला नाही. आणि तिसऱ्या सकाळी त्याला सुचलं. असं नाव घ्यायचं की ऐकून लोक पोट धरून हसले पाहिजेत. मेजरनं कोर्टाला बनवलं म्हणतील, टाळ्या देतील, आणि कायद्याचंही भागेल.

खटल्याच्या दिवशी कोर्टात मुंगीला जागा नव्हती. मेजर ताठ उभा राहिला. "मी घाबरतो," तो म्हणाला, "हायरम पर्डीला!"

असा हशा पिकला! हायरम पर्डी म्हणजे खुर्च्यांच्या बैठका विणणारा, चिमणीएवढा माणूस. कुत्रं समोर आलं तर कुत्र्याला आधी जाऊ देणारा. मेजरने मिशीला पीळ दिला.

जज्ज क्रेनशॉ मात्र हसले नाहीत. "सबळ कारण पाहिजे, मेजर. पर्डी, पुढे ये. तू यांना कधी धमकी दिलीस का?"

हे मेजरच्या लक्षातच आलं नव्हतं! पर्डी 'नाही' म्हणाला की संपलं सगळं.

हायरम टोपी चुरगाळत उभा राहिला. "साहेब, चाळीस वर्षांत या गावात मला कोणी काही विचारलंच नाही."

"आता विचारतोय ना."

"मग हो. दिली."

हशा जागच्या जागी थिजला.

"काय म्हणालास?"

"हे मला 'ए खुर्ची' अशी हाक मारतात. मी एकदा म्हटलं, मेजर, परत तसं म्हणालात तर..."

"तर?"

"पुढचं बोललो नाही, साहेब. नुसतं बघितलं."

मग मागून कोणीतरी कुजबुजलं, "बाप रे! नुसतं बघितलं, आणि मेजर पिस्तूल घेऊन फिरायला लागला!"

जज्जसाहेबांनी मेजरला बाइज्जत सोडलं. कारण सबळ होतं.

बाहेर मात्र मेजरकडे कोणी वळूनही बघेना. गर्दी दुभंगून वाट देत होती ती हायरमला. "या, पर्डीसाहेब, सावलीत या." लोहाराने तर टोपी काढली. आणि चार दिवसांनी लोकांनी छापील नावं खोडून हातानं लिहिलं, हायरम पर्डी. ज्याला मेजर घाबरतो तो शेरीफ नको, तर काय मेजर हवा? मेजरला अकरा मतं पडली.

सोमवारी टपाल कचेरीसमोर नव्या शेरीफने मेजरला थांबवलं. सगळे बघत होते.

"मेजर, पिस्तूल आहे का खिशात?"

"आहे."

"मला अजून घाबरता ना? नाहीतर आत टाकावं लागेल."

मेजरने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"घाबरतो, साहेब," तो म्हणाला. आणि गंमत म्हणजे, त्याचा आवाज खरंच कापला.