हाताखालची भिंत

शिवय्यांना दिसत नव्हतं, आणि हे घरात फक्त शिवय्यांनाच माहीत होतं.

म्हणजे अगदी मिट्ट काळोख नव्हे. माणूस समोर आला की माणूस आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरनं. शुगरनं डोळ्यांचा घास घेतला होता. पण बोलणार कुणापाशी? मुलगा अमरेश मायेचा, पण भलताच धास्तीखोर. त्याला नुसतं कळायचा अवकाश, की शाहूपुरीतल्या घरच्या गुळाच्या दुकानाला जाणं बंद, जिना बंद, आणि 'अप्पा, तुम्ही बसा' सुरू. उभ्या जन्मात शिवय्या कुणाच्या सांगण्यावरनं बसले नव्हते. दुकानाचं जमून जायचं. रिक्षावाला ओळखीचा, आणि गूळ काय, बोटानं दाबला अन् जिभेवर ठेवला की कळतो. अडचण होती ती घरातल्या घरात फिरायची, आणि ती भिंतीनं सोडवली होती.

भिंत कसली, खोबऱ्याची किसणी नुसती! घर बांधलं तेव्हा गावात टेक्स्चरचं खूळ आलेलं. अमरेशनं हौसेनं अख्ख्या पॅसेजला करून घेतलं. न्हाणीच्या दारापासून आडव्या रेघा, देवघरासमोर गोल गोल भोवरे, आणि तिथनं पुढं जिन्यापर्यंत बारीक दाणे. शिवय्या भिंतीला हात लावून झपाझप चालायचे. भोवरे लागले की समोरच्या देवघरात वळायचे. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा काय ऐटीत चाललाय!

सून सौंदर्या मात्र त्या भिंतीला विटली होती. त्या खाचांत इतकी धूळ बसायची की दरवर्षी दिवाळीला दात घासायचा ब्रश घेऊन बसावं लागे.

"मामंजी, औंदा ही भिंत गुळगुळीत करून घेऊया की."

"कशाला? बरी हाय की!"

"बरी? पुसून पुसून माझा जीव चाललाय."

"मग पुसू नकोस. धूळ काय जेवायला मागतीया व्हय?"

सौंदर्या हसली आणि कामाला लागली. शिवय्यांना वाटलं, जिंकलो. पण एकदा चहाचा कप हातात देताना तिची नजर त्यांच्या डाव्या तळहातावर गेली. सगळा खरचटलेला, एका ठिकाणी रक्त वाळलेलं. अंघोळ करून बाहेर पडलं की भिंत डाव्या हाताला, आणि भिजलेली कातडी मऊ. रोज सोलून निघत होती.

लिंगायताच्या घरात डावा तळहात म्हणजे देवाची बैठक. गळ्यातलं इष्टलिंग रोज त्याच हातावर ठेवून पूजा करायची. सौंदर्याचे डोळेच भरून आले.

"ह्या हातावर लिंग ठेवता तुम्ही! त्या भिंतीनं पार चाळण केलीया. आणि मी बघत बसू?"

खरं ते शिवय्यांच्या ओठावर आलं होतं, पण ते बोललं तर भिंत राहणार आणि बाकी सगळं जाणार. त्यांनी गरम चहा तसाच घशात ओतला.

"कर बाई, तुला काय करायचं ते."

नृसिंह पेंटर आला. भिंतीवर पाणी मारायचा आणि पत्रीनं खरडायचा. शिवय्या हॉलमध्ये बसून ऐकत होते. आधी रेघा गेल्या. आता सांगू, जरा वेळानं सांगू, म्हणता म्हणता भोवऱ्यांचा चुरा खाली पडला. मग पुट्टी, पॉलिश पेपर, रंग. स्वतःचाच राग राग येत होता त्यांना, पण जीभ काही उचलेना. काम संपल्यावर नृसिंह कौतुकानं म्हणाला, "आण्णा, हात फिरवून बघा, लोणी झालंय!"

शिवय्यांनी हात फिरवला. हात नुसता घसरत गेला. "झकास," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते बाहेर आले आणि भिंतीला हात लावला. भिंत थंडगार, मुकी. अंदाजानं पावलं टाकत गेले. देवघर आलंसं वाटलं तिथं वळले. पाट काही पायाला लागला नाही, रंगकामात हलवला असेल. सगळीकडं रंगाचा वास, त्यामुळं उदबत्तीचा वास आला नाही याचंही नवल वाटलं नाही. मांडी घातली, गळ्यातल्या चांदीच्या डबीतनं लिंग काढून डाव्या हातावर ठेवलं आणि विभूतीसाठी उजवा हात पुढं केला.

बोटांना चपलेचा पट्टा लागला.

देवघर मागं राहिलं होतं. शिवय्या जिन्याखाली, घरादाराच्या चपलांपुढं पूजेला बसले होते. डाव्या हातात देव, तो खाली ठेवता येईना. उजवा हात विटाळलेला, तो देवाला लावता येईना. अशी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. हातावरचं लिंग पडलं तर?

"सौंदर्या!" त्यांनी हाक मारली. "ये लवकर!"

ती पिठाच्या हातानं धावत आली. "अगंबाई! हितं काय करतायसा मामंजी?"

"मला दिसत न्हाय गं."

सौंदर्यानं त्यांच्याकडं बघितलं, मग त्या लख्ख भिंतीकडं. तिला काही विचारावं लागलं नाही.

"एका शब्दानं बोलला असतासा तर..."

"बोललो असतो तर कोपऱ्यात बसवलं असतंसा दोघांनी."

'न्हाय' म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. बसवलंच असतं. तिनं तांब्यातलं पाणी आणलं, स्वतःचे हात धुतले, त्यांचा उजवा हात धुतला आणि पदरानं पुसला.

"चला देवघरात. धरून न्हेते," ती म्हणाली.

"धरू नकोस." शिवय्या कसेबसे उभे राहिले, डाव्या हातावरचं लिंग छातीशी धरलं आणि उजवा हात पुढं केला. "तुझा हात दे. मी धरतो."

तिनं हात दिला. त्यांनी तो मनगटापाशी घट्ट धरला.

"अमरेशला मीच सांगणार. तू मधी बोलायचं न्हाय."

"न्हाय बोलत," सौंदर्या म्हणाली, आणि डोळे पुसून पुढं चालू लागली.