वाट होती, म्हणूनच अडली

मित्रांनो, माझ्या नावाने घाबरू नका. मला साक्षीदाराचा पिंजरा म्हणतात, पण मला ना दार, ना कुलूप. तीन बाजूंनी कमरेइतका लाकडी कठडा आणि चढायला एक पायरी, एवढाच माझा पसारा. एका जाणत्या सुताराने मला न्यायालयाच्या जुन्या खोलीत घडवले. कठड्याची कड तो तळहाताने पुन्हापुन्हा चाचपत होता. "माणसं घाबरून इथेच हात ठेवणार," तो म्हणाला, "टोचायला नको."

माझ्यात उभे राहून आधी खरे बोलण्याची शपथ घ्यायची, मग जे माहीत आहे ते सांगायचे. हीच साक्ष. आजवर पुष्कळ साक्षी ऐकल्या, पण एक विसरत नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी शेजाऱ्यावर दावा लावला होता. दावा लावणारा तो वादी आणि ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. ताईंच्या घराची वाट शेजाऱ्याच्या बोळातून होती. त्याने तिथे भिंत घातली. ताईंच्या थकलेल्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे, तर मागच्या चिखलातून उचलून न्यावे लागे. वर्षानुवर्षे उघडपणे वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क तयार होतो. पण तो शाबीत करायला साक्षीदार हवा.

आले निवृत्त पोस्टमनकाका. ते शेजाऱ्याचे बालमित्र होते. पायरी चढून त्यांनी कठडा धरला. मला त्यांच्या तळव्याचा घाम लागला.

"तीस वर्षं मी त्याच बोळातून ताईंच्या दारी टपाल दिलं," ते म्हणाले.

मग शेजाऱ्याच्या वकिलांनी उलटतपासणी सुरू केली. समोरच्या पक्षाचा वकील साक्षीदाराला खोदून खोदून विचारतो, ती उलटतपासणी.

"ताई बोळातच शिलाई मशीन मांडून बसायच्या. वाट त्यांनीच अडवली होती ना?"

ताईंनी मान खाली घातली. काकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले.

"हो, बसायच्या. दोनदा माझी सायकल अडली," ते म्हणाले. "पण साहेब, वाट होती, म्हणूनच अडली ना?"

वकील खाली बसले. न्यायाधीश बाईंनी हसू आवरून कागदावर काही लिहिले.

पुढे निकाल लागला. भिंत पाडावी आणि ताईंनीही बोळात मशीन मांडू नये. निकाल पटला नाही तर वरच्या न्यायालयात दाद मागता येते. त्याला अपील म्हणतात. शेजाऱ्याने ते केले नाही. निकाल ऐकायला आलेले काका माझ्यापाशीच उभे होते. शेजारी त्यांच्याजवळ आला.

"तू खोटं बोलला असतास, तर मी जिंकलो असतो."

"हो. पण मग तुझ्या घरी यायला मला तोंड राहिलं नसतं."

शेजारी काकांचा हात धरून त्यांना जिन्यापर्यंत घेऊन गेला.

पुढे ती जुनी खोली बंद झाली आणि दोन वर्षे मी अडगळीत होतो. कुणी माझ्यावर रद्दी रचली, कुणी खिळ्याने आपले नाव कोरले. मग नव्या खोलीसाठी मला पुसून परत आणले. आता मी सुखात आहे.

मित्रांनो, न्यायालय पाहायला आलात तर माझ्यावर काही कोरू नका. मोठेपणी समन्स, म्हणजे न्यायालयाचे बोलावणे आले, तर तोंड लपवू नका. जे ठाऊक आहे ते सांगा. आणि ठाऊक नसेल, तर "मला माहीत नाही" असे म्हणा. माझ्यात उभे राहून तेही सांगता येते, आणि तेही खरेच असते.