घरचा नंबर

आमच्या गुरुप्रसादाला एक घाणेरडी सवय आहे. बोलताना तो समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. लहान होता तेव्हा पायाच्या अंगठ्याकडे बघायचा, आता फोनकडे बघतो. परवा सकाळीही तसाच पडवीत बसला होता. एका मांडीवर माझ्यासाठी आणलेला नवाकोरा फोन, दुसऱ्या मांडीवर माझं बँकेचं कार्ड. मी समोर विळीवर बांगडे कापत होते.

"आये, ह्या कार्डाक हळद कशी लागली?"

"मसाल्याच्या डब्यात ठेवलेला. चोर इलोच तर शिंकत बसतलो."

"कॅमेऱ्याक आकडे दिसनत नाय."

"मगे कॅमेऱ्याक चष्मो घाल."

तो हसला नाही. एरवी माझ्या अशा बोलण्यावर तो पोट धरून हसतो.

"ह्या फोनातल्या पाकिटात कार्ड एकदा गेला काय झाला," तो म्हणाला. "नुसतो फोन टेकवचो. बाजार, औषधां, गॅस, लाइटबिल, सगळा ह्याच्यातसून. तुका कोणाची गरज लागाची नाय."

"कोणाची म्हणजे कोणाची?"

"कोणाचीच."

तो शब्द मी गिळला नाही. बाजूला काढून ठेवला.

आरोंद्याला आमच्या घराच्या पुढच्या अंगाला माझी खानावळ आहे. खाडीवरचा पूल ओलांडून गोव्याच्या गाड्या येतात. वकील येतात, डॉक्टर येतात, तिसरी शिकलेल्या बाईच्या हातची माशांची तिखली खातात आणि जाताना "काकी, काकी" करतात. हे गेले तेव्हा लोक म्हणाले, तुळसा आता गोव्याला मुलाकडे जाईल. मी कुठेही गेले नाही. गुरुप्रसाद पणजीला हॉटेलात कामाला, दर सोमवारी घरी. सून संचिता नर्स. तिला आयर्लंडात नोकरी लागली आणि तिच्या पाठोपाठ हाही निघाला. मला सांगितलं होतं, "दोन वर्सां आये, मगे हंयच."

फोनने कार्ड काही घेतलं नाही. गोल गोल फिरायचा आणि म्हणायचा, कार्ड जोडता आलं नाही. पुन्हा घालायचं, पुन्हा तेच.

"तुझो फोन माझ्यासारखोच तिसरी शिकललो दिसता," मी म्हटलं.

आतून संचिता आली. हातात घड्या घातलेले स्वेटर. इथल्या उकाड्यात ते बघूनच मला घाम फुटला.

"आई, बँकेत जो नंबर दिललो आसा, तेचा सिमकार्ड ह्याच फोनात व्हया," ती म्हणाली. "आणि बँकेत तुमचो नंबर नाय. ह्यांचो आसा."

बरोबर होतं. माझ्याकडे बटणांचा फोन होता, त्याला नंबरही होता, पण कुणी नंबर विचारला की मी गुरुप्रसादाचाच सांगायचे. बँकेत तो, गॅसला तो, रेशनला तो. हे गेल्यावर देवस्थानाच्या लोकांनी विचारलं, तेव्हाही तोच दिला. पालखी आमच्या दारात किती वाजता येणार, याचा निरोप त्याला गोव्यात जायचा आणि तो मला फोन करून सांगायचा. घरच्या कर्त्या पुरुषाचा नंबर तो घरचा नंबर. आमच्याकडे हे असंच असतं. शेजारच्या सुभद्रेचा धोंडू किती वर्षं मस्कतला आहे. पण त्याचं सिम सुभद्रेकडे. ती पोटाला चिमटा घेईल, पण त्यात पैसे भरायला विसरणार नाही. परदेशी गेलेल्याचा नंबर चालू असला म्हणजे माणूस गावातून गेला असं कुणी म्हणत नाही. बाहेर गेलाय, एवढंच.

"मगे सोपा आसा," मी हात धुतले. "तुझा सिम काढ आणि ह्याच्यात घाल. थंय तुका थंयचो नंबर घेवचोच लागतलो. ह्यो माझ्याकडे ऱ्हवांदे. पैसे मी भरीन."

संचिता स्वेटर घेऊन आत गेली. तिथेच मला समजायला हवं होतं.

"तसा नको," गुरुप्रसाद फोनला म्हणाला. "बँकेत जावया. तुझोच नंबर घालूया."

"कित्याक? तुझ्या नंबराक काय झाला?"

"बरा पडता गो. उद्या अडचण नको."

निघताना कुंपणापाशी सुभद्रा भेटली. "गुरु, चललंस मां रे उद्या?" तिने विचारलं. "तुझो नंबर माझ्याकडे आसा. तोच ऱ्हवतलो मां?"

तो काही बोलायच्या आत मी म्हटलं, "ऱ्हवतलो नाय तर जातलो खंय? तुझ्याच झिलाचो नंबर ऱ्हवता, आमच्याचो नाय?"

सुभद्रा हसली. हा रिक्षात जाऊन बसला.

बँकेत गेलं की माझी जीभ पदर सावरून बसते. शुद्ध बोलायला लागते. काचेपलीकडे एक कोवळी पोर होती, नवीच असावी. तिने कार्ड बघितलं, पासबुक बघितलं.

"आजी, नंबर का बदलायचाय?"

मी गुरुप्रसादाकडे पाहिलं. तो फोनकडे बघत होता. मग मीच म्हटलं, "मुलगा आयर्लंडला चाललाय."

"अरे वा! मग असं करूया का? आता तुमचा नंबर घालते. दादा परत आले की या, त्यांचा पुन्हा घालून देईन."

"नको," गुरुप्रसाद म्हणाला. "तो नंबर मी बंद करतोय. कायमचा."

"म्हणजे परत नाही येणार?" पोरीने सहज विचारलं. आणखी भात वाढू का, असं मी गिऱ्हाईकाला विचारते तसं.

"नाही. आम्ही तिकडेच राहणार."

आणि बघा, हे तो तिच्या तोंडाकडे बघून बोलला. सरळ, स्वच्छ, कचेरीतल्या मराठीत. ज्या पोरीला त्याने जन्मात कधी पाहिलं नव्हतं, तिला त्याने सांगितलं. मी त्याच्या कोपराला कोपर लावून उभी होते.

पोरीने कागद पुढे सरकवला आणि शाईचा डबा उघडायला लागली. मी म्हटलं, "सही करते मी." माझी सही मोठी असते, दरवेळी चौकट सोडून बाहेर जाते आणि बँकेतली माणसं कुरकुरतात. त्या दिवशी ती चौकटीत मावली.

"उद्या सकाळपर्यंत सुरू होईल हं, आजी," ती पोर म्हणाली.

रिक्षात तो माझ्या बाजूला बसला होता. दोनदा खाकरला. बोलेल, असं वाटलं.

"आये, चाय घेवया?"

"घराकडे चाय संपली नाय हां."

संध्याकाळी मी नेहमीसारखी सहा ताटं वाढली. गिऱ्हाईकाने सोलकढीचं कौतुक केलं, मी हसलेसुद्धा. घरात संचिता माझ्या पुढेमागे करत होती. ती पापड तळायला आली. म्हणाली, "आई, मी ह्यांका किती सांगलंय, तुमीच सांगा म्हणान."

"तू पापड बघ. करापतले," मी म्हटलं. तिचा काय दोष? तिने आपल्या पोटापाण्याची वाट काढली. मी तरी दुसरं काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बटणांच्या फोनातलं सिम नव्या फोनात घातलं आणि कार्ड एका झटक्यात आत गेलं. टिंग करून आवाज आला, हिरवी खूण उमटली. गुरुप्रसादाच्या तोंडावर असा उजेड पडला, जणू डोक्यावरचा भारा कुणी उतरवून घेतला. त्याने मला बोट धरून दाखवलं. इथे दाब, इथे टेकव, इथे बघ. त्याचं बोट उबदार होतं. मी सगळं पहिल्याच खेपेला शिकले, पण दोनदा मुद्दाम चुकले. त्याने दोनदा पुन्हा शिकवलं.

जेवायला कोळंबीची आमटी, आमचं सुंगटाचं हुमण, केलं होतं. तो पोटभर जेवला. तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा वाटलं, आता ताटावर डोळ्यांतून टिपूस पडेल, त्याच्या नाहीतर माझ्या. पडलं नाही. मी भात वाढला.

मोप्याच्या विमानतळाला जायची गाडी दारात आली. बॅगा चढल्या. सुभद्रा आपल्या खळ्यात उभी राहून बघत होती. संचिता पाया पडली आणि माझ्या खांद्यावर रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, "थंय थंडी आसा, कानार काय तरी घे." मग गुरुप्रसाद वाकला. उठताना म्हणाला, "आये, येतंय हां."

येतंय! एवढं झाल्यावरही त्याच्या तोंडातून तेच निघालं.

मी त्याचा दंड धरला. सुभद्रेला ऐकू जाईल, ड्रायव्हरला ऐकू जाईल, याची मी पर्वा केली नाही.

"जातंय म्हण," मी म्हटलं. "तुझो बापूस मरताना माका सांगान गेलो, तुळसा, आता मी जातंय. तेका भय वाटाक नाय. आणि तू हातापायान धड माणूस. आये, मी परत येवचंय नाय, इतक्याच तुका सांगूचा होता. ता तू बँकेतल्या चेडवाक सांगलंस. मी तुका आडवलंय नसतंय रे. वाटेत खावक पोळये बांधून दिलंय असतंय. वायट असतंस तर हंयच दारात शिवी घालून मोकळी झालंय असतंय. पण तू वायट नाय, झिला. तू नुसतो भित्रो आसस."