फुलदाणी म्हणू नका

मी एक पिकदाणी. हो, तीच, जिच्यात पान खाऊन थुंकतात. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल.

माझा जन्म इंदूरचा. एका कासारानं मला पितळेतून घडवलं. पायाशी रुंद, कमरेत बारीक, वर ओठ बाहेर पसरलेले. काय डौल होता, बाई! शेजारी ठेवलेली समई त्यानं जेवढ्या मायेनं घासली, तेवढ्याच मायेनं मला. मग मी का म्हणून खाली बघू?

होळकर सरकारात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या प्रतापरावांनी मला विकत घेतलं आणि दिवाणखान्यात गादीशेजारी बसवलं. माणसं येत, विडा तोंडात घालत, गप्पा रंगत. माणसांची जेवढी ओळख मला झाली, तेवढी अत्तरदाणीला कधी झाली नाही. तिच्याकडे सगळे ऐटीत हात पुढे करत. माझ्यापुढे जहागीरदारालाही वाकावं लागे.

मग प्रतापराव गेले. संस्थानही गेलं, मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं. मला कोठीच्या खोलीत पालथं घातलं. त्यांचा नातू लक्ष्मीकांत सरकारी कचेरीत लागला. त्याला पानाची आवड होती, पण खायचा तो गच्चीवर, चोरून. साहेब लोकांत बरं दिसत नाही म्हणे.

नवं सरकार थंडीत ग्वाल्हेरला बसे आणि उन्हाळ्यात इंदूरला येई. एका चैत्रात अशीच बडी मंडळी आली, तेव्हा गावातल्या वसंत मंडळानं त्यांच्यासाठी जुन्या घरांची फेरी काढली. होळकरांच्या माणसांची घरं बघायची, पन्हं प्यायचं, शेवटी मंडळाचं नवं संग्रहालय बघायचं. प्रत्येक घरानं एक वस्तू संग्रहालयाला द्यायची, आणि तिच्याखाली घराण्याच्या नावाची पाटी लागायची.

लक्ष्मीकांतनं घर उलथंपालथं केलं. चांदीचं सगळं वाटणीत गेलेलं. सापडले मी.

"हिला चिंच लावून घास आणि मोगरा घाल," तो बायकोला, शशिकलेला म्हणाला. "फुलदाणी म्हणून देऊ."

"अहो, पण ती तर..."

"गप्प बस! पिकदाणी म्हटलं तर कोण घेतंय? बर्तन बाजारात मोडीतच घालावी लागेल."

म्हणजे नाव बदलून काचेत बसायचं, नाहीतर भट्टीत वितळायचं. जन्मभर लोक माझ्या तोंडात थुंकले, त्याची मला कधी लाज वाटली नाही. पण माझ्यावर चिठ्ठी चिकटवली, 'राजघराण्याकडून भेट मिळालेली फुलदाणी', तेव्हा अंगाची आग झाली. कुठलं राजघराणं नि कसली भेट! भट्टी परवडली, असं झालं मला.

पाहुणे आले. ग्वाल्हेरच्या यशोधराबाई सगळीकडे नजर फिरवून म्हणाल्या, "छान आहे हं घर. आमच्या ग्वाल्हेरच्या मानानं आटोपशीर."

लक्ष्मीकांतनं हसून तेही गिळलं. पन्हं झालं, आंबेडाळ झाली, विडे फिरले. पाहुण्यांच्या आग्रहानं त्यानंही एक तोंडात घातला. मला जुन्या जागी, गादीशेजारीच मांडलं होतं; बघून सगळे वा वा करत होते. तेवढ्यात जयसिंगराव आत आले. होळकरांच्या घोडदळातले म्हातारे शिपाई, प्रतापरावांच्या बैठकीतले. गालात पान. चिठ्ठीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सवयीनं गादीकडे आले, वाकले, आणि पच्‌!

मोगरा लाल झाला.

"फु... फु..." लक्ष्मीकांतच्या तोंडात तोबरा. त्याला फुलदाणी म्हणता येईना.

"अहो काका, राजघराण्याची फुलदाणी ती!" फेरीबरोबर आलेले वसंत मंडळाचे गृहस्थ ओरडले.

"फुलदाणी?" जयसिंगराव सरळ झाले. "अरे भिया, अर्धी उमर हिच्यात थुंकलोय मी. एक फूल दिसलं नाही कधी!"

यशोधराबाईंना हसू आवरेना. "अगं बाई! आमच्याकडे अश्शीच आहे. आम्ही तिच्यात तुळस लावलीय!"

"आणि रोज प्रदक्षिणा घालता? धन्य आहे ग्वाल्हेरवाल्यांची!" जयसिंगरावांनी हात जोडले.

मंडळाच्या गृहस्थांनी घाईनं सावरून घेतलं. "हरकत नाही, धुऊन द्या. पाटी तीच ठेवू. पिकदाणी म्हणून मात्र नेता येणार नाही, लोक हसतील. बोला लक्ष्मीकांतजी, मंजूर ना?"

"हूं," लक्ष्मीकांत म्हणाला.

तोंडात विडा असला की माणसाला एवढंच म्हणता येतं. गृहस्थांनी मला उचलायला हात पुढे केला. त्याआधीच शशिकलेनं मोगरा काढून बाजूला टाकला, चिठ्ठी फाडली आणि मला नवऱ्याच्या पायाशी ठेवलं.

"आधी तोंड मोकळं करा," ती म्हणाली. "मग काय ते सांगा."

सगळे बघत होते. लक्ष्मीकांतचे कान लाल झाले. तो वाकला, सगळ्यांसमोर माझ्यात थुंकला आणि ओठ पुसले.

"नाही," तो म्हणाला. चांगला खणखणीत. "पिकदाणी आहे ही. माझ्या आजोबांची. न्यायची तर याच नावानं न्या, नाहीतर राहू द्या."

राहू दिली. फेरी पुढच्या घरी गेली. जयसिंगराव मात्र हलले नाहीत. गादीवर मांडी ठोकून दुसरा विडा मागू लागले.

लोकांना वाटतं, पिकदाणी घाण सांभाळते. मी ती सांभाळते, नाही कुठं म्हणते? पण तोंड भरलेला माणूस नुसता हूं हूं करत राहतो. त्याला नाही म्हणता यावं म्हणून कुणाला तरी खाली बसून ते तोंड मोकळं करून घ्यावं लागतं. ते काम माझं. अत्तरदाणीनं करून दाखवावं!

संग्रहालयातल्या माझ्या जागी बाजारातून एक फुलदाणी आणून ठेवलीय म्हणे. ठेवू देत. मी दिवाणखान्यात आहे, चिंचेनं घासलेली, रोजच्या कामातली. लक्ष्मीकांतचे कचेरीतले मित्र मला बघून आधी हसतात, मग इकडेतिकडे बघत वाकतात.

तुम्हीही या. हात लावायला मनाई नाही. फक्त थुंकून झालं की लगेच पळू नका. इतके दिवस जे तोंडातल्या तोंडात घोळवताय, ते बोलून टाका.

हं. मी ऐकतेय.