वासे फिरले पाहिजेत

दौलतरावांनी मला चार दिवसांची मुदत दिली आणि त्यातला पहिला दिवस मी नुसता हवेत तरंगण्यात घालवला. मला राग जितका पटकन येतो तितकाच आनंदही होतो, आणि दोन्ही वेळा जेवण जात नाही.

दौलतराव हे बदलापूर गावातले शेतकरी, माझी आयटीआयची मैत्रीण माधवी हिचे काका. जुनं घर उतरवून शेजारच्या मोकळ्या जागेत नवं बांधायचं त्यांनी काढलं होतं. कॉन्ट्रॅक्टरने आपला ठरलेला प्लॅन पुढे केला होता, जो तो वांगणीपासून अंबरनाथपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात मारतो. माधवीने मध्ये माझं नाव घातलं. मी गेले, जागा मोजली, नकाशा काढून नेला. दौलतरावांनी कागद उभा धरला, आडवा धरला आणि परत दिला.

"पोरी, ह्या रेघांतलं मला काय कळत नाय. घर डोळ्यांनी दाखव. रविवारी आई लेकीकडून येतेय. तिला पटलं तर काम तुझं. नाय तर सोमवारी कॉन्ट्रॅक्टर खड्डे मारायला येतोय."

तीन वर्षं मी कल्याणच्या एका ऑफिसात दुसऱ्यांची घरं काढत होते. रेघा माझ्या, कोपऱ्यातलं नाव साहेबांचं. हे काम मिळालं असतं तर ते माझ्या नावाचं पहिलं घर झालं असतं. मला ते इतकं हवं होतं की विचारू नका.

घर तयार होतं, पण सीडीवर. मधल्या दिवसांत कॉम्प्युटर क्लासच्या मशीनवर तासातासाचे पैसे भरून मी ते उभं केलं होतं. वर स्लॅब आणि पुढे कौलारू ओटी, कारण आईला कौलं हवीत असं दौलतराव म्हणाले होते. त्या ओटीला बत्तीस वासे, एकेक मी हाताने लावलेला. आता क्लासचं मशीन काही कोणी उचलून नेऊ देणार नव्हतं, आणि आजींचे गुडघे असे की त्या क्लासचा जिना चढणार नव्हत्या. आज ना उद्या कॉम्प्युटर घ्यायचाच होता. तो शनिवारी घ्यायचा ठरला.

बरोबर पप्पा आले. पप्पा म्हणजे शंकरराव, एकतीस वर्षं कारखान्यात लेथ चालवून नुकतेच रिटायर झालेले. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध रेल्वेच्या तिकीट खिडकीपुरता. मला वाटलं होतं, ते फक्त खोका उचलायला येतायत.

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये परसरामभाईंचं दुकान होतं. स्वतः सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवून देणारा माणूस.

"आओ साईं. क्या काम के लिए चाहिए? गाना, पिक्चर, गेम?"

"घर," पप्पा म्हणाले.

"अच्छा, घर के लिए. होम यूज."

"घरासाठी नाही हो," मी म्हणाले. "घर काढायला. बंगला बनाने का, स्क्रीन पे."

परसरामभाईंनी मान हलवली आणि मला काउंटरवरच्या एका मशीनसमोर उभं केलं. मी बघताक्षणी विरघळले. पातळ, सपाट स्क्रीन. काळी कॅबिनेट, तिला पुढे निळा दिवा. दोन्ही बाजूंना उंच स्पीकर. ते मशीन दौलतरावांच्या टेबलावर ठेवलं असतं तर आत काही न दाखवताच काम मिळालं असतं, असं मला वाटलं. किंमतही आम्ही ठरवून आलो होतो तेवढीच.

"घेऊया," मी म्हणाले.

"चालवून बघूया," पप्पा म्हणाले.

परसरामभाईंनी स्क्रीनवर धबधबा लावला, मग फुलं, मग एक गाणं. सगळं लोण्यासारखं चाललं. मी पप्पांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पप्पा हाताची घडी घालून उभे होते.

"रिकामं मशीन सगळंच गोड चालतं," ते म्हणाले. "लोड दे त्याला."

मग मी पर्समधून सीडी काढली. सॉफ्टवेअर चढायला अर्धा तास गेला, त्यात आमचा दोनदा चहा झाला. शेवटी दौलतरावांचं घर त्या पातळ स्क्रीनवर उभं राहिलं. इतकं झकास ते क्लासमध्ये कधी दिसलं नव्हतं. मी माउस धरला आणि घर फिरवलं.

भिंती फिरल्या. ओटीचे वासे मात्र जिथल्या तिथे हवेत लटकत राहिले. मग सावकाश, एकेक करत, ते येऊन भिंतींवर बसायला लागले. निम्मे बसले असतील नसतील, तोवर मी पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

"अगं, घर फिरलं," पप्पा पुढे वाकून म्हणाले. "वासे कुठे फिरले?"

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ही म्हण आपल्याकडे रडायला वापरतात. माणसाचे दिवस फिरले की आपलीच माणसं तोंड फिरवतात, असा तिचा अर्थ. पप्पांनी ती उल्हासनगरात कॉम्प्युटर तपासायला लावली.

"येतात ना शेवटी जागेवर," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "थोडा वेळ लागतो, एवढंच."

"येतात. पाहुणे उठून गेल्यावर येतात."

मी तोंड फुगवून बसले. मला तो निळा दिवा हवा होता. परसरामभाई मात्र पप्पांवर खूश झाले. असं गिऱ्हाईक त्यांना रोज भेटत नसावं. ते आत गेले आणि एक पांढरट, कळकट कॅबिनेट घेऊन आले. तिला जोडायला हंड्याएवढा जुन्या पद्धतीचा मॉनिटर. रॅम दुप्पट आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं. स्पीकर नाहीतच.

"कार्ड म्हणजे?" पप्पांनी विचारलं.

"देखो साईं, उस मशीन में एकच बाई रोटी भी बनाती है, वाढती भी है. इसमें वाढनेवाली अलग है. चित्र दाखवण्याचं काम फक्त ह्या कार्डचं."

त्याच्यावरही सॉफ्टवेअर चढलं. घर आलं. मी रागारागानेच माउस ओढला, आणि अख्खं घर गर्रकन फिरलं. भिंती, स्लॅब, पायऱ्या, कौलं, आणि बत्तीसच्या बत्तीस वासे, सगळे एकदम, एकमेकांचा हात धरून फिरावेत तसे. मी उलटं फिरवलं. सुलटं फिरवलं. वरून दाखवलं, खालून दाखवलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. दुकानात मोबाइलचं कव्हर घ्यायला आलेली दोन माणसं मागे येऊन उभी राहिली, तर त्यांनाही फिरवून दाखवलं. निळा दिवा गेला खड्ड्यात.

"वासे फिर गये," परसरामभाई म्हणाले.

"हेच बांधा," पप्पा म्हणाले.

रविवारी सकाळी आमच्या अंबरनाथहून बदलापूरला रिक्षा केली. कॅबिनेट माझ्या मांडीवर, मॉनिटर पप्पांच्या. प्रत्येक खड्ड्याला पप्पा रिक्षावाल्याला "हळू रे, ओली बाळंतीण आहे" म्हणत होते. मी रस्ताभर मनातल्या मनात बोलायची तयारी करत होते. सुरुवात काय करायची, घर कधी फिरवायचं, कुठे थांबायचं. आयुष्यात इतकी खूश मी दहावीच्या निकालालाही नव्हते.

दौलतरावांनी जुन्या घराच्या ओटीवर टेबल मांडून ठेवलं होतं. आजी, म्हणजे त्यांची आई अंजनी, पाय पसरून खुर्चीत बसल्या होत्या. लुगडं, कपाळावर गोंदण, नजर एकदम तिखट. माधवीने वायर ओढून आणली. पप्पा पायरीजवळच्या स्टुलावर बसले. घर स्क्रीनवर आलं तेव्हा दौलतराव "आयला" म्हणाले, आणि मला कळलं की निम्मं काम झालं.

"आणि आता," मी ऐटीत म्हणाले, "मी तुमचं घर फिरवून दाखवते."

"नको गो बाय," आजी म्हणाल्या. "आमचा घर फिरवू नको."

माझा हात माउसवर तसाच राहिला.

"आई, कॉम्प्युटरात फिरवतेय ती," दौलतराव म्हणाले.

"कुठं का फिरंना. एकदा फिरलाय आमचा घर. तुजा बाप गेला तवा. तीन दीर व्हते मना, तिघांनी तोंडा फिरवली. शेतावरनं मना हाकललान. तुमाला नाय म्हाईत, मना म्हाईत हाय. नव्या घराला पयल्याच दिवशी फिरवायचा नाय." मग त्या दौलतरावांकडे वळल्या. "त्या कॉन्ट्रॅक्टरचा कागद बरा. गप पडून ऱ्हातो."

माझं डोकं सणकलं. फिरवण्यासाठीच तर ते मशीन घेतलं होतं, सपाट स्क्रीनवर पाणी सोडून. तोंडात चांगलं खमंग उत्तर आलं होतं. मी पप्पांकडे बघितलं. काल तीच म्हण दुकानभर मिरवणारे पप्पा आता जमिनीकडे बघत होते. त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं आणि माझ्याही. तिघांनी तोंड फिरवलेल्या बाईला मी घर फिरवते म्हणाले होते. मला माझीच लाज वाटली आणि उत्तर मी गिळलं.

मग पुन्हा स्क्रीनकडे बघताना एक गोष्ट लख्ख दिसली. घर फिरतंय की बघणारा फिरतोय, हे कॉम्प्युटरला कुठे माहीत असतं? त्याच्या लेखी गणित तेच. घर जागच्या जागी ठेवून चालत जायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होतीच, मीच ती ऐट मारण्याच्या नादात विसरले होते.

"आजी, घराला मी हात लावत नाही," मी म्हणाले. "घर राहील आपल्या जागेवर. तुम्ही आणि मी त्याच्याभोवती फिरू. देवळाला फिरता तसं."

आजींनी भुवया वर केल्या. नको म्हणाल्या नाहीत. मी बाणाचं बटण दाबलं.

आम्ही अंगणातून निघालो. डावीकडून वळसा घेतला. एक हिसका नाही, एक वासा मागे नाही. परसात गेलो, तिथून पुढे आलो, पायऱ्या चढलो. मला खूप खूप मजा येत होती. ओटीवर आल्यावर आजींची खुर्ची पुढे सरकली.

"थांब जरा. वर बग." मी वर बघितलं, म्हणजे स्क्रीनला बघायला लावलं. त्यांनी बोटाने वासे मोजल्यासारखं केलं. "हां. आता आत चल."

"आत चल" म्हणाल्या तेव्हाच घर त्यांना पटलंय हे मला समजायला हवं होतं. मी बैठकीच्या खोलीतून नेलं, खिडकीतून शेत दाखवलं. त्या मला हुकूम सोडत होत्या आणि मी चालत होते. डावीकडं. नाय, मागं. त्या दारातून. शेवटी आम्ही स्वयंपाकघरात पोचलो. आजी बराच वेळ बघत राहिल्या.

"ल्हान झाला," त्या म्हणाल्या.

"मोठं करू. किती हवं?"

"आमचा हाय तेवडा."

"तो किती आहे?"

"मना काय म्हाईत? उठ. तुज्याकडं टेप असंल ना, आत ये नि मोज."

"आई, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला..." दौलतराव म्हणाले.

"त्याला सांग, येऊ नको. ह्या पोरीने मना माज्या घरात फिरवलान."

माधवीने मला मागून गदागदा हलवलं. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. पिशवीतून टेप काढून मी उठले. पप्पा उठले नाहीत.

"तू जा," ते म्हणाले. "मी आहे इथे. मशीनकडे बघतो."

आम्ही बौद्ध. दौलतरावांकडे हे सगळ्यांना ठाऊक होतं, माधवीने आधीच सांगितलं होतं. पप्पा लहानपणी ज्या गावात वाढले तिथे शेतकऱ्याच्या ओटीच्या पुढे त्यांना पाऊल टाकता येत नसे. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आत्याकडून कळलं. पण इतकी वर्षं झाली तरी कोणाच्या गावातल्या घरी गेले की ते आपोआप पायरीजवळची जागा धरतात.

आजी खुर्चीचे हात धरून उभ्या राहिल्या होत्या.

"मशीनकडं काय बगायचाय, ते काय पलून जातंय? टेपला दोन टोका असतात. दुसरा कोन धरंल?"

पप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी स्टूल बाजूला सरकवलं.

शून्याचं टोक मी दारात उंबऱ्याशी धरलं. उरलेली टेप उलगडत पप्पा आजींच्या स्वयंपाकघरात शिरले, भांड्यांच्या मांडणीजवळून पुढे, थेट चुलीमागच्या भिंतीपर्यंत गेले, वाकले आणि कारखान्यातल्या खड्या आवाजात म्हणाले, "अकरा फूट चार इंच. लिही, यशोधरा."