पिंपरीच्या दुकानात किर्र वाजलेली जोडी

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका. घरात नवी वस्तू आली की तिला तेल पाजल्याशिवाय धम्मपालला चैन पडत नाही. भोसरीच्या कारखान्यात बावीस वर्षं लेथ मशीनवर उभा आहे ना, त्याला सगळं जगच लेथ वाटतं. बिजागरी, सायकलची साखळी, आईचं शिवणयंत्र, कुणाला म्हणून सोडलं नाही. मलाही नाही.

मी एक जुनी जोडी आहे, काळ्या चकचकीत बुटांची. वीतभर टाच, पुढून नाड्या, पोटरीपर्यंत उंची. स्टीलच्या उभ्या खांबावर चढून जो पोल डान्स करतात, त्यासाठी मी जन्मले. माझ्यासारखी दुसरी नाही, हे मी सांगते कशाला, पुढे कळेलच.

धम्मपालची मुलगी मैत्री काळेवाडीत स्नेहल मॅडमकडे हा नाच शिकत होती, अनवाणी. तिनं भाग घेतलेल्या स्पर्धेत मात्र बूट सक्तीचे. म्हणून ती आजीला, सरूबाईला, घेऊन पिंपरीच्या दुकानात आली. सरूबाई दुसरी नापास. पण कामगारांचे सेफ्टी बूट तपासण्यात तिची अठरा वर्षं गेली होती, त्यामुळे बुटाची जात ती अंगठ्यानं ओळखायची.

मैत्रीनं लाल मखमली, टिकल्यावाली जोडी उचलली. "आजी, ही बघ ना!"

"लग्नाला चाललीस का खांबाला?" सरूबाईनं ती जोडी कपडे टांगायच्या स्टँडच्या उभ्या पाइपावर घासली. सर्रकन खाली आली. दुसऱ्या एका जोडीची चेन आतल्या बाजूला होती. "ही खांबाला ओरखडे पाडंल आन् तुझ्या पायालाबी." मग माझी पाळी. तिनं माझी टाच पिळली, घोट्याची शिवण ताणली, मला पाइपावर घासलं. मी अशी किर्र ओरडले की दुकानदार दचकला.

सरूबाई हसली. "ही बोलती, म्हंजे घट्ट धरती. हीच द्या."

तिथून माझे कामाचे दिवस सुरू झाले. नाडी घोट्यापाशी घट्ट, वर जरा सैल, हे मैत्री शिकली. कितीदा पडली, मांड्या काळ्यानिळ्या झाल्या. मी तिचा घोटा एकदाही मुरगळू दिला नाही. ती जिंकली तर स्नेहल मॅडम तिला लहान मुलींचा वर्ग देणार होत्या, म्हणजे मैत्रीची पहिली नोकरी. धम्मपाल सुरुवातीला म्हणायचा, "खांबावर लटकायला शिकवलं का तुला?" पण पोरीचे कष्ट बघून विरघळला.

आणि विरघळला तोच घात झाला. स्पर्धेच्या सकाळी, सगळे आवरत असताना, त्यानं मला मांडीवर घेतलं आणि प्रेमानं, अगदी शिवणीशिवणीत, मशीनचं तेल चोळलं. मी आरशासारखी चमकले. मला तोंड असतं तर बोंब मारली असती.

चिंचवडच्या सभागृहात मैत्री सरावाला खांबावर चढली, पायांची पकड घातली आणि भसकन खाली घसरली. पुन्हा चढली, पुन्हा तेच. तिचं नाव पुकारायला तीनच स्पर्धक उरले होते.

सरूबाईनं मला तिच्या पायांतून काढून नाकाला लावलं. "धम्मपाल, हे काय केलंस?"

"आई, शाळेत आमी मल्लखांबाला एरंडेल चोळायचो. म्हटलं, इथंबी लागत असंल."

"त्ये लाकडाला रं! हितं स्टील हाय!"

बोलण्यात तिनं वेळ घालवला नाही. स्नेहल मॅडमकडून खांब पुसायचं स्पिरिट घेतलं, ठेवणीतल्या पांढऱ्या साडीचा पदर ओढला आणि मला पुसत सुटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कोरडं. पदर काळा झाला. मग तिनं मला जिन्याच्या कठड्यावर घासलं.

किर्र!

नाव पुकारलं, स्नेहल मॅडमनी खांब पुसून दिला आणि मैत्री मला घालून वर चढली. अगदी टोकाला जाऊन तिनं दोन्ही हात सोडले आणि उलटी झाली. मित्रांनो, त्या वेळी ती पोर नुसत्या माझ्या भरवशावर होती. मी खांबाला अशी धरून राहिले, अशी धरून राहिले की सभागृह उभं राहिलं. पहिला नंबर! सरूबाई तो काळा पदर मिरवत सभागृहातून फिरली, जणू पैठणीच.

आज मैत्रीकडे चौदा मुली शिकतात. त्यांचा प्रत्येक नवा बूट आधी पाइपावर घासला जातो. माझे तळ झिजलेत, आता मी फडताळावर असते. तुमच्या घरीही अशी एखादी दमलेली जोडी असेल. तिला अडगळीत टाकू नका.

परवा मैत्रीची नवी जोडी आली. धम्मपालचा हात सवयीनं तेलाच्या डबीकडे गेला. सरूबाईनं चहाची बशी खाली ठेवली.

"धम्मपाल, डबी ठेव. पोरीवर जीव हाय तर आधी तिला इचारत जा, काय पायजे म्हणून. आन् हात शिवशिवतच असतील, तर फडताळावरची म्हातारी जोडी काढ, कोरड्या फडक्यानं पूस. पहिला नंबर तिनं आणलाय, तुझ्या तेलानं न्हाई."